१२३४५६७८९८७६५४३२१ : मोठी संख्या उलगडायची कशी

१२३४५६७८९८७६५४३२१. सतरा अंक. डावीकडून वाचा किंवा उजवीकडून, सारखीच. एकापासून नवापर्यंत चढते आणि तशीच उतरते. नऊ वेळा एक लिहून त्या संख्येचा वर्ग केला की ही संख्या मिळते, एवढं बऱ्याच जणांना ठाऊक असतं. पण ती अशीच का येते, तिच्या पोटात कोणत्या मूळ संख्या आहेत, तिला किती विभाजक आहेत, हे विचारलं की बहुतेक जण थांबतात. खरं तर इथूनच मजा सुरू होते, आणि त्यासाठी आठवीपर्यंतचं गणित पुरतं. वही-पेन्सिल घ्या. कॅल्क्युलेटर सध्या बाजूला ठेवा. का ते पुढे येईलच.

पायरी १ : आधी नीट वाचा

मोठ्या संख्येशी ओळख व्हायची तर ती तोंडाने म्हणता आली पाहिजे. उजवीकडून पहिले तीन अंक सोडा आणि मग दोन-दोनांचे गट करा:

१२,३४,५६,७८,९८,७६,५४,३२१

कोटीच्या पुढे आपल्या रोजच्या बोलण्यात शब्द संपतात. अशा वेळी शेवटचे सात अंक वेगळे काढायचे आणि उरलेल्या भागाला 'इतके कोटी' म्हणायचं. म्हणजे ही संख्या होते १२३ कोटी ४५ लाख ६७ हजार ८९८ कोटी, ७६ लाख ५४ हजार ३२१. ऐकायला अवघड वाटतं, पण 'कोटीच्या कोटी' हा आकार लगेच कळतो.

जुनी नावं वापरायची असतील तर भास्कराचार्यांनी 'लीलावती'त अठरा स्थानं दिली आहेत: एक, दश, शत, सहस्र, अयुत, लक्ष, प्रयुत, कोटी, अर्बुद, अब्ज, खर्व, निखर्व, महापद्म, शंकू, जलधी, अंत्य, मध्य, परार्ध. आपली संख्या सतरा अंकी, म्हणजे तिचा पहिला १ बसतो 'मध्य' या स्थानी, परार्धाच्या एक घर अलीकडे. बाराव्या शतकातल्या त्या यादीत ती जेमतेम मावते, हे मला फार आवडतं.

पायरी २ : गुणाकार मांडून बघा

आता १११११११११ ला १११११११११ ने गुणा. पण एकदम नऊ एकांवर जाऊ नका. लहानापासून चढा:

११ × ११ = १२१
१११ × १११ = १२३२१
११११ × ११११ = १२३४३२१

१११ × १११ शाळेत मांडतो तसं मांडा. १११ तीनदा लिहायचे, दर वेळी एक घर डावीकडे सरकवून. मग उभ्या रकान्यांची बेरीज. पहिल्या रकान्यात एकच १, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात तीन, नंतर पुन्हा दोन आणि एक. बेरजेत जे अंक दिसतात ते म्हणजे त्या रकान्यात किती एक आले याची नुसती मोजणी आहे.

नऊ एक घेतले की मधल्या रकान्यात नऊ एक जमतात. नऊ हा एकअंकी आहे, म्हणून हातचा येत नाही. ही संख्या इतकी नेटकी दिसण्याचं कारण एवढंच: संपूर्ण गुणाकारात एकदाही हातचा नाही. हे लक्षात ठेवा, पुढचं बरंच काही यातूनच निघतं.

दहा एक घेऊन पाहा. मधल्या रकान्यात १० येतात, तिथे ० राहून हातचा १ डावीकडे जातो. तिथल्या नवाचे दहा होतात, पुन्हा हातचा. आठाचे नऊ होऊन तो थांबतो. उत्तर येतं १२३४५६७९००९८७६५४३२१. आरशासारखी रचना मोडली. म्हणजे दशमान पद्धतीत ही शिडी नवाच्या पुढे जाऊच शकत नाही, आणि आपली संख्या तिची शेवटची पायरी आहे.

लुडोचे दोन फासे टाका. बेरीज २ येण्याचा मार्ग एक, ३ येण्याचे दोन, ४ चे तीन, असं वाढत ७ येण्याचे सहा, मग उतरत १२ चा पुन्हा एक. ओळीने लिहा: १, २, ३, ४, ५, ६, ५, ४, ३, २, १. हेच अंक सहा एकांचा वर्ग केला की मिळतात: १२३४५६५४३२१. हा योगायोग नव्हे. सहा एकांच्या गुणाकारात वरच्या संख्येतलं एक स्थान आणि खालच्या संख्येतलं एक स्थान निवडून जोडी लावायची असते, आणि जोडीतल्या स्थानांची बेरीज ठरवते ती जोडी कोणत्या रकान्यात पडणार. फाशांवर आपण हेच करतो. आपली सतरा अंकी संख्या म्हणजे नऊ बाजूंच्या दोन फाशांचा हिशेब.

पायरी ३ : तीन तुकडे करा

आता संख्येचे तीन भाग पाडा: १२३४५६७८, मधला ९, आणि ८७६५४३२१. पहिला आणि शेवटचा मिळवा:

१२३४५६७८ + ८७६५४३२१ = ९९९९९९९९

मधला अंक ९, आणि बेरीजही सगळी नवांची. १२३२१ वर करून पाहा: १२ + २१ = ३३, मधे ३. १२३४३२१ वर: १२३ + ३२१ = ४४४, मधे ४. अशा संख्यांना नाव देऊन त्यांचा अभ्यास केला तो दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर यांनी. १९०५ साली डहाणूत जन्म, शिक्षण पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात, आणि १९३० ते १९६२ देवळालीत शाळाशिक्षक. त्यांच्या नावाचा स्थिरांक ६१७४ आज जगभर शिकवला जातो. पण माझ्या मते नवशिक्यानं कापरेकरांकडे आधी या वाटेनं जावं. त्यांनी या संख्यांना 'डेम्लो संख्या' म्हटलं, कारण ही कल्पना त्यांना जी. आय. पी. (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेच्या ज्या स्थानकावर सुचली त्याचं नाव तेव्हा डेम्लो होतं. आजचं डोंबिवली.

डेम्लो संख्यांची व्याख्या थोडी सैल आहे: पहिला आणि शेवटचा भाग मिळवला की मधल्या भागातलाच अंक पुन्हा पुन्हा यावा. १६५ सुद्धा डेम्लो आहे, कारण १ + ५ = ६. २५५३ सुद्धा, कारण २ + ३ = ५. नुसत्या एकांच्या वर्गातून येणाऱ्या संख्यांना मात्र कापरेकरांनी खास 'वंडरफुल डेम्लो' म्हटलं. आपली संख्या त्यातली सर्वांत मोठी, हातचा यायच्या आधीची.

पायरी ४ : अंकांची बेरीज

१ ते ८ ची बेरीज ३६. ती दोनदा, म्हणजे ७२, वर मधले ९. एकूण ८१.

८१ म्हणजे ९ × ९, आणि आपण नऊ एक घेतले होते. कारण पुन्हा तेच: हातचा नाही. गुणाकारात ९ × ९ = ८१ वेळा १ लिहिला जातो आणि सगळेच्या सगळे बेरजेत टिकतात. जिथे हातचा येतो तिथे दहा जाऊन एक उरतो, म्हणजे दर हातच्याला बेरीज नवाने घटते. दहा एकांच्या वर्गात दोनदा हातचा आला होता. तिथली अंकांची बेरीज १०० नसून ८२ आहे. करून पाहा.

अंकांच्या बेरजेने निःशेष भाग जाणाऱ्या संख्यांना कापरेकरांनीच 'हर्षद' असं गोड नाव दिलं. आपली संख्या हर्षद आहे का? म्हणजे तिला ८१ ने भाग जातो का? इथे सावध राहा. अंकांची बेरीज ९ च्या पटीत असेल तर संख्येला ९ ने भाग जातो, हा नियम पक्का आहे. पण तो ८१ ला लागू होत नाही. १८९९९९९९९९ ची अंकांची बेरीजही ८१ च आहे, तरी तिला ८१ ने भागलं की बाकी ९ उरते. तेव्हा आपल्या संख्येसाठी वेगळा पुरावा हवा. तो सोपा आहे: १११११११११ च्या अंकांची बेरीज ९, म्हणून तिला ९ ने भाग जातो; मग तिच्या वर्गाला ९ × ९ ने जाणारच. हर्षद आहे.

तो नवाचा भागाकार मात्र हाताने करा, सोडू नका. ११ ला नवाने भागा: भाग १, बाकी २. पुढचा १ उतरवा, २१: भाग २, बाकी ३. मग ३१: भाग ३, बाकी ४. प्रत्येक पायरीला भागही एकाने वाढतो, बाकीही. ७१ ला भाग ७, बाकी ८. आणि शेवटी ८१: इथे भाग ८ न लागता थेट ९ लागतो, बाकी शून्य. उत्तर १२३४५६७९. यात ८ नाही, आणि का नाही ते आत्ता तुमच्या वहीत दिसलं. याच संख्येला ६३ ने गुणलं की ७७७७७७७७७ येतात. ज्या अंकाची माळ हवी त्याच्या नऊपटीने गुणायचं.

पायरी ५ : मूळ अवयव पाडा

सतरा अंकी संख्या थेट फोडायला बसू नका. ती पूर्ण वर्ग आहे हे माहीत आहे, तर वर्गमूळ फोडा आणि प्रत्येक घातांक दुप्पट करा. मोठ्या संख्यांच्या कामात सगळ्यात जास्त वेळ वाचवणारी सवय हीच: फोडायच्या आधी संख्येची घडण ओळखायची.

नऊ एकांचे तीन-तीनचे गट करा: १११ १११ १११. म्हणजे

१११११११११ = १११ × १००१००१

१११ = ३ × ३७. १००१००१ च्या अंकांची बेरीज ३, म्हणून ती ३ × ३३३६६७. एकत्र करून

१११११११११ = ३² × ३७ × ३३३६६७

आणि म्हणून

१२३४५६७८९८७६५४३२१ = ३⁴ × ३७² × ३३३६६७²

३७ चा ताळा मूळ संख्येवरही करता येतो. ९९९ म्हणजे २७ × ३७, त्यामुळे हजाराला ३७ ने भागलं की बाकी १ उरते. मग तीन-तीन अंकांचे गट नुसते मिळवायचे: १२ + ३४५ + ६७८ + ९८७ + ६५४ + ३२१ = २९९७. पुन्हा २ + ९९७ = ९९९. भाग जातो. हेच गट उजवीकडून एकाआड एक मिळवत आणि वजा करत गेलात तर ७, ११ आणि १३ या तिघांची कसोटी एकदम होते, कारण १००१ = ७ × ११ × १३. उत्तर ३०९ येतं आणि त्याला तिघांपैकी कुणानेही भाग जात नाही.

पायरी ६ : ३३३६६७ खरंच मूळ आहे का?

बहुतेक ठिकाणी इथे 'ही मूळ संख्या आहे' असं सांगून पुढे जातात. तुम्ही जाऊ नका. संपूर्ण लेखातला हा भाग अवघड आहे आणि तोच सर्वांत जास्त शिकवणारा आहे.

३३३६६७ चं वर्गमूळ ५७७ आणि ५७८ च्या मध्ये येतं. सरळ मार्ग म्हणजे ५७७ पर्यंतच्या सगळ्या मूळ संख्यांनी भागून पाहायचं. त्या १०६ आहेत. एका रविवारात होईल, पण काम कमी करता येतं.

समजा प या मूळ संख्येने ३३३६६७ ला भाग जातो. मग प ने ९९९९९९९९९ लाही भाग जाईल, कारण ती ९ × १११११११११ आहे. म्हणजे दहाचा नववा घात प ने भागला की बाकी १. आता १०, १००, १००० असे दहाचे घात एकेक करून प ने भागत जा आणि बाकी १ पहिल्यांदा कुठे येते ते पाहा. तिथून पुढे बाक्या फिरून फिरून त्याच क्रमाने येतात, म्हणून ती पहिली जागा नवाला भागणारीच असली पाहिजे: पहिली, तिसरी किंवा नववी.

पहिली असेल तर प ने ९ ला भाग जातो, म्हणजे प = ३. तिसरी असेल तर ९९९ ला, म्हणजे प = ३ किंवा ३७. पण ३३३६६७ च्या अंकांची बेरीज २८, तेव्हा ३ बाद. आणि ३७ × ९०१८ = ३३३६६६, बाकी १, तेव्हा ३७ ही बाद. उरली नववी.

इथे सतराव्या शतकातल्या फर्मा या फ्रेंच गणितीचा छोटा सिद्धांत कामी येतो: प ही २ किंवा ५ नसेल तर दहाचा (प − १) वा घात प ने भागला की बाकी १ उरते. मग (प − १) ही नवाच्या पटीत हवी. प विषम आहे, म्हणून (प − १) सम. दोन्ही मिळून (प − १) ही १८ च्या पटीत.

५७७ पर्यंत अशा मूळ संख्या, ३७ सोडून, एवढ्याच: १९, ७३, १०९, १२७, १६३, १८१, १९९, २७१, ३०७, ३७९, ३९७, ४३३, ४८७, ५२३, ५४१, ५७७. १०६ ऐवजी सोळा भागाकार. १९ ने बाकी ८, ७३ ने ५७, १०९ ने १८, १६३ ने ६, ५७७ ने १६१. उरलेले स्वतः करा. एकानेही निःशेष भाग जात नाही. ३३३६६७ मूळ आहे, आणि आता ते तुम्हाला कुणाच्या सांगण्यावरून मानायचं नाही.

जाता जाता तिचा वर्ग करून ठेवा: १११३३३६६६८८९.

पायरी ७ : विभाजक मोजा

अवयव मिळाले की हे काम मिनिटाचं. कोणताही विभाजक बनवताना ३ चा घातांक ० ते ४ पैकी घ्यायचा, म्हणजे ५ पर्याय. ३७ साठी ३, ३३३६६७ साठी ३. एकूण ५ × ३ × ३ = ४५ विभाजक. ही मोजणी विषम आली, कारण संख्या पूर्ण वर्ग आहे: बाकी विभाजकांच्या जोड्या लागतात आणि १११११११११ ची जोडी स्वतःशीच.

संख्या मोठी म्हणजे विभाजक जास्त, असं मनात असेल तर सहा एकांचा वर्ग पाहा. १२३४५६५४३२१ ही आपल्या संख्येच्या दहा लाखाव्या भागाएवढी. पण सहा एकांचे अवयव ३ × ७ × ११ × १३ × ३७ असे पाच वेगवेगळे, त्यामुळे वर्गाला ३ × ३ × ३ × ३ × ३ = २४३ विभाजक. सात एक मात्र २३९ × ४६४९ एवढेच फुटतात, आणि १२३४५६७६५४३२१ ला फक्त ९ विभाजक. आकाराचा आणि विभाजकांचा संबंध इतका सैल असतो.

पायरी ८ : आता यंत्र काढा, पण जपून

एक्सेलच्या चौकटीत १२३४५६७८९८७६५४३२१ टाका. आत साठते ती १२३४५६७८९८७६५४३००. एक्सेल पंधराच अंक सांभाळतं, पुढे शून्यं भरतं. जावास्क्रिप्ट या संगणकाच्या भाषेत साध्या संख्येसारखी लिहिली तर १२३४५६७८९८७६५४३२० दिसते, शेवटचा १ गायब. कारण तिथे संख्या ज्या साच्यात ठेवतात त्यात २ च्या त्रेपन्नाव्या घातापर्यंतच, म्हणजे ९००७१९९२५४७४०९९२ पर्यंतच, प्रत्येक पूर्णांक अचूक बसतो. त्याच्या पुढच्या टप्प्यात फक्त सम संख्या मावतात आणि आपली विषम आहे.

म्हणून कॅल्क्युलेटर बाजूला ठेवायला सांगितलं होतं. ज्या यंत्राने एकक स्थानचा अंकच बदलला त्याच्यावर विभाज्यता तपासून काही हाती लागत नाही. पायथन मात्र पूर्णांक कितीही लांब असला तरी अचूक धरतं; नऊ एकांचा वर्ग तिथे सतराच्या सतरा अंकांनिशी येतो. कोणतंही नवं साधन हाती घेतलं की आधी हा वर्ग करायला लावा. शेवटी २१ आला तर पुढे जा.

कागदावरच्या उत्तराला ११ चा ताळा ठेवा. उजवीकडून एकाआड एक अंकांची बेरीज ४१, उरलेल्यांची ४०, फरक १. १११११११११ वर तसाच काढलेला फरकही १, आणि त्याचा वर्ग १. जुळलं.

सरावासाठी

आठ एकांचा वर्ग घ्या: १२३४५६७८७६५४३२१. आठ एक म्हणजे ११११ × १०००१, इथून सुरुवात करा. अवयव ११, ७३, १०१ आणि १३७ येतात का ते पडताळा आणि मग विभाजक मोजा; ८१ यायला हवेत. तिच्या अंकांची बेरीज ६४. ती हर्षद आहे का, याचं उत्तर भागाकार न करता, फक्त शेवटचा अंक पाहून देता येतं. ते जमलं की पुढचा प्रश्न: एक ते नऊ एकांच्या या नऊ वर्गांपैकी हर्षद कोणकोणत्या? माझ्या वहीत तीनच टिकतात, एका एकाचा, तीन एकांचा आणि नऊ एकांचा. उरलेल्या सहा का गळतात ते प्रत्येकीचे अवयव पाडून दाखवा.